बादलीच्या तळाशी वाळवंट

जयपूरला मालवीय नगरात ज्यांच्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, त्या घरमालकांनी पहिल्या भेटीत आम्हाला गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, मुलंबाळं किती हेही विचारलं नाही. ह्यांना बाजूला ठेवून ते थेट माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "वहिनी, तांदूळ धुतलेलं पाणी तुम्ही कुठं टाकता?" मी कोल्हापूरची. आमच्याकडे ते पाणी मोरीत जातं आणि त्यावर कोणी चर्चा करत नाही. मी खरं ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ मिटलेलेच ठेवले, आणि मग ह्यांना म्हणाले, "साहेब, शिकवावं लागेल. पण जागा देतो."

आम्हाला वाटलं, म्हातारा थट्टेखोर दिसतोय. त्या माणसाने उभ्या आयुष्यात कधी थट्टा केली नव्हती, हे कळायला आम्हाला आठ दिवस लागले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ह्यांची बँकेतून जयपूरला बदली झाली होती आणि परमुलखात मराठी घरमालक मिळाला म्हणून मी देवापुढे पेढे ठेवले होते. काका मूळचे नागपूरचे. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त होऊन त्यांनी इथेच घर बांधलं होतं. नोकरीत असताना काही वर्षं ते बाडमेरला होते, आणि तिथून ते जे वाळवंट डोक्यात घेऊन आले ते कायमचं. "वाळवंट काही दूर नाही," ते म्हणायचे, "तुमच्या बादलीच्या तळाशी आहे." हे वाक्य ते दूधवाल्यालाही ऐकवायचे. दूधवाला दुधात पाणी घालत असल्यामुळे त्याला ते आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटायचं आणि तो मान खाली घालायचा.

दिसायला काका उंच, हाडकुळे. होळी झाली की पाऊस येईपर्यंत डोक्यावर ओला गमछा आणि खिशात कांदा. लू म्हणजे तिकडचा तो भाजून काढणारा वारा, आणि खिशात कांदा असला की लू बाधत नाही असं तिकडे सगळेच मानतात. पण बाकीचे लोक बाहेर पडताना कांदा घेतात. काका घरातही खिशात कांदा ठेवून बसायचे. नमस्काराला वाकले की तो गडगडत पलंगाखाली जायचा. आणि संध्याकाळी तोच कांदा काकू चिरून पोह्यात घालायच्या, कारण दिवसभर राबलेला कांदा फेकायचा नाही असाही नियम होता. त्या घरी पोहे खाल्ले की मला का कोण जाणे, काकांचा खिसा आठवायचा.

नियमांना अंत नव्हता. नळाला पाणी सकाळी यायचं तेव्हा काका खाली पाइपाला कान लावून उभे राहायचे आणि पाइपाच्या आवाजावरून मी वर काय करतेय ते ओळखायचे. एकदा मी पालक धूत होते तर खालून हाक आली, "वहिनी, पालेभाजी धुऊन राहिल्या ना? परातीत धुवा. ते पाणी मोगऱ्याला जाऊ द्या." नवऱ्यालाही इतकी कधी माहिती नव्हती की मी आज कुठली भाजी करतेय. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, पडदे बंद, आणि सूर्य मावळल्याशिवाय पडदा बाजूला सारायचा नाही. इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळे कपडे एका दमात. फ्रीज उघडायच्या आधी काय काढायचं ते मनाशी पक्कं करायचं. "फ्रीज उघडून विचार करणारा माणूस," ते म्हणायचे, "संसारात कधी पुढे जात नाही." मग मी फ्रीजसमोर डोळे मिटून दही, कोथिंबीर, कालची आमटी असं पुटपुटत उभी राहायला लागले. शेजारणीला वाटलं, मराठी लोक फ्रीजची पूजा करतात.

दिवे लावण्याचीही त्यांची एक रीत होती. तळहातावरच्या रेषा दिसतात तोवर दिवा लावायचा नाही. संध्याकाळ झाली की काका अंगणात हात पसरून उभे राहायचे आणि रेषा दिसेनाशा झाल्या की आत जाऊन एक बारीकसा बल्ब लावायचे. काकूंना मोतीबिंदूची सुरुवात होती. त्यांना स्वतःच्या हातावरच्या रेषा भर दुपारीही धड दिसत नसत. पण बघायच्या त्या रेषा काकांच्या हातावरच्या, आणि त्याही काकांच्या डोळ्यांनी. काकू अंधारात चाचपडत भाजी निवडायच्या. एकदा मेथीत काडी राहिली म्हणून काकांनी त्यांना लक्ष देऊन काम करायचा सल्ला दिला.

पाहुणा बसला असताना पंखा बंद करणं हा तर त्यांच्या हातचा मळ. बोलता बोलता उठायचे, बटण बंद करायचे, पुन्हा येऊन बसायचे. कोणी घाम पुसत वर बघितलं तर म्हणायचे, गोष्टी रंगल्या की माणसाला उकाडा जाणवत नाही. त्यांच्या गोष्टी कधी रंगत नसत, त्यामुळे उकाडा जाणवायचा.

त्यांच्या सगळ्या रीतींत खाटेवरच्या आंघोळीचा मान पहिला. बाडमेरकडच्या गावांत पाण्याचे इतके हाल, की माणूस सुंभाच्या खाटेवर बसून आंघोळ करतो, खाली परात ठेवतो, परातीतल्या पाण्यात कपडे धुतो आणि उरलेलं ढोरांना पाजतो. ज्यांना दोन-दोन कोसांवरून डोक्यावर घागर आणावी लागते त्यांची ती अगतिकता. काकांनी ती मालवीय नगरात, नळाखाली, संस्कृती म्हणून आणली. न्हाणीघरात खाट टाकली, खाली परात ठेवली, आणि त्या पाण्याची वाट बघायला ढोरं नसल्यामुळे कर्दळ लावली. आमच्या शेजारी खुद्द बाडमेरचं एक कुटुंब राहायचं. त्यातल्या बाईंनी एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना मला हळूच सांगितलं, "भाभीजी, हमने तो बाड़मेर छोड़ा ही इसलिए कि खाट पर न नहाना पड़े."

आमचे सासरे एकदा कोल्हापूरहून आले. तालमीत अंग कमावलेला माणूस. आंघोळ म्हणजे नदीत उडी घेणे, ही त्यांची व्याख्या. आमच्या वरच्या मजल्यावर त्या दिवशी पाणी चढलं नाही, तेव्हा काकांनी मोठ्या मनाने त्यांना खालच्या न्हाणीघरात नेलं, खाटेवर बसवलं, एक लहान बादली आणि त्याहून लहान तांब्या दिला, आणि दाराबाहेर उभं राहून तांब्यांचे आवाज ऐकत सूचना द्यायला सुरुवात केली. आता पाठ. आता पाय. आता पुरे. मामंजींनी उरलेली बादली एकदम डोक्यावर उपडी केली, त्या धक्क्याने खाटेचा सुंभ तुटला आणि ते परातीत बसले. काका बाहेरून विचारत होते, "पाणी बाहेर तर नाही ना सांडलं?" मामंजी वर आले ते रागाने लाल. म्हणाले, "सूनबाई, ह्या गड्याला एकदा पंचगंगेत चांगला बुडवून काढाय पायजे." परात चेपली ती चेपलीच.

तरी सुरक्षिततेचा अध्याय अजून राहिलाच. काकांच्या घरात प्रत्येक खोलीच्या बटणाखाली एक रबरी चपलांचा जोड ठेवलेला असे. चप्पल घातल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काकूंनी जयपुरातल्या झाडून सगळ्या मराठी बायकांना बोलावलं. छावणीतल्या फौजी अधिकाऱ्यांच्या बायकाही आल्या होत्या. काका मधेच आत आले. गुलाबदाणी त्यांनी आधीच लपवून ठेवली होती, कारण गुलाबपाणी झालं तरी ते पाणीच. पन्हं अर्ध्या पेल्याने द्यावं, हवं असल्यास परत मागावं, पूर्ण पेला अर्धा टाकला जातो, हे त्यांनी जाहीर केलं. एका मेजरसाहेबांच्या बायकोने उकडतंय म्हणून पंखा लावायला हात पुढे केला तर म्हणाले, "थांबा, आधी चप्पल." बाईंच्या पायांत रेशमी साडीला शोभणारे नवे सँडल होते. ते काढून ती भलीमोठी रबरी चप्पल घालायची की उकाड्यात बसायचं, असा प्रश्न होता. बाईंनी चप्पल घातली, पंखा लावला आणि जाताना चप्पल तशीच घालून गेल्या. काका आठवडाभर छावणीत निरोप पाठवत होते.

एवढं सगळं सांगून एक कबूल करायला हवं, आणि ते करताना माझ्या जिवावर येतं. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. हीच तर मोठी अडचण होती. कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढावा, हे तिकडे दर उन्हाळ्यात कोणाला तरी शॉक बसल्यावर लोकांना आठवायचं. तोंड धुताना नळ बंद ठेवावा, गळका नळ आजच्या आज दुरुस्त करावा, तहान लागायच्या आधी पाणी प्यावं, यात चूक काय आहे? मी आजही तांदळाचं पाणी झाडांना घालते. पण चांगली गोष्ट एखाद्या माणसाने अशा काही पद्धतीने सांगावी की ऐकणाऱ्याला नळ मोकळा सोडून त्याखाली नाचावंसं वाटावं, ही कला काकांकडे होती.

काकूंबद्दल मी अजून फार बोलले नाही, कारण त्या घरात काकूंबद्दल कोणीच फार बोलत नसे. ठेंगण्या, गोऱ्या, सतत घामाने डबडबलेल्या. त्यांना उन्हाळा सोसायचा नाही. नागपूरच्या असून सोसत नाही याचं काकांना नवल वाटायचं. "आमच्या नागपूरच्या उन्हापुढे हे काय आहे," ते छाती काढून सांगायचे, जणू नागपूरचा सूर्य त्यांच्या वडिलांनी तिथे लावला होता. काकूंच्या माहेरी मात्र दारांना वाळ्याच्या ताट्या लावायचे, त्यांवर पाणी शिंपडायचे, आणि दुपारभर तो थंड सुगंधी वारा घरात फिरायचा. काकूंनी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. कूलर. दर उन्हाळ्यात एकदा, लाजत, आंब्याचं नाव काढावं तसं त्या कूलरचं नाव काढायच्या.

पैशाची ददात नव्हती. प्रश्न तत्त्वाचा होता. "कूलर म्हणजे दोन उधळपट्ट्यांचं लग्न," काका म्हणायचे. पाणीही जातं, वीजही जाते, आणि दोन्ही एकाच लोखंडी पेटीत, म्हणजे जीवही जायची सोय. आमच्याकडे कूलर होता. जागा घेताना ह्यांनी तेवढी एक अट घातली होती आणि काकांनी ती दुखवट्याच्या चेहऱ्याने मान्य केली होती. दुपारी जेवण झालं की काका ओला गमछा पांघरून फरशीवर झोपायचे. मग काकू चपला हातात घेऊन जिना चढायच्या आणि माझ्या कूलरसमोर बसायच्या. बोलायच्या नाहीत फारशा. डोळे मिटून, पदर सैल सोडून बसायच्या. मी शिवणकाम करत असायची. माझ्या अख्ख्या जयपूरच्या मुक्कामातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी त्याच.

एक दिवस काका लवकर उठले. काकू खाली दिसल्या नाहीत, तरी ते वर आले नाहीत. संध्याकाळी ह्यांना मात्र म्हणाले की आमच्या मंडळींना वाईट सवय लागून राहिली आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. दुसऱ्या दिवसापासून काकू वर यायच्या थांबल्या. मी खाली जाऊन बोलावलं तर म्हणाल्या, "जाऊ दे. ह्यांना नाही आवडत." मला इतका संताप आला की मी त्या दुपारी वरचा नळ उगाचच थोडा वेळ सोडून ठेवला. खालून लगेच हाक आली, आणि मी बंद केला.

आमच्या मराठी मंडळात काकांना व्याख्यान द्यायचं होतं. विषय, उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी. मंडळाचे लोक गणपतीत टाळायचे, दिवाळीत टाळायचे, संक्रांतीला तर विषयच बसत नाही म्हणून टाळायचे. शेवटी मे महिन्यातला एक रविवार त्यांच्या पदरात पडला. बापूनगरातल्या एका शाळेचा हॉल मिळाला, तोही दुपारीच मोकळा होता. व्याख्यानानंतर आमरस-पुरी आहे असं सांगितल्यामुळे गर्दी चांगली झाली. बँकवाले, विमावाले आले, छावणीतली मंडळी फौजी गाडीतून आली. पुऱ्या लाटायला मदत म्हणून आम्ही दोघं सकाळीच स्कूटरवर निघालो.

निघताना मी खाली डोकावले. काकू मधल्या खोलीत पलंगावर पडून होत्या. डोकं जड झालंय, मळमळतंय म्हणाल्या. चेहरा लाल होता. मी काकांना म्हटलं, यांना आमच्याकडे वर झोपू दे, कूलर लावून जाते. काका भाषणाची उजळणी करत फेऱ्या मारत होते. "पडदे लावले, पंखा सुरू आहे, कपाळावर ओलं फडकं आहे," ते म्हणाले, "शास्त्राप्रमाणे सगळं करून राहिलो. तुम्ही निघा." काकूंनीही मला हाताने जा म्हणून खुणावलं.

व्याख्यानाचा पहिला मुद्दा असा होता की उन्हाळ्यात भर दुपारी घराबाहेर पडू नये. तो मुद्दा त्यांनी साडेबारा वाजता, सगळे लोक भाजून तिथे पोचल्यावर मांडला. त्याआधी त्यांनी हॉलमधले रिकाम्या खुर्च्यांवरचे पंखे बंद करवले होते आणि सगळ्यांना एका कोपऱ्यात दाटीने बसवलं होतं. कांदा टेबलावर नमुना म्हणून ठेवला होता. मग पाणी झालं, फ्रीज झाला, खाटेवरची आंघोळ प्रात्यक्षिकासह झाली. एका विमावाल्याने आमरस थंडगार आहे ना याची मला खूण करून चौकशी केली.

मग विजेची पाळी आली. "घराबाहेर पडताना मेन स्विच काढायचा," काका म्हणाले. "एकेक दिवा बघत बसायचं नाही. खटका ओढला की सारं घर बंद. वर्षानुवर्षं करून राहिलो. आता हाताला सांगावंही नाही लागत. आत्ता निघतानासुद्धा मेन काढूनच आलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्यांनी भाषण आटोपतं असा अनुभव होता. पण ते आटोपलं नाही. काका उष्माघाताची लक्षणं सांगायला लागले. घाम थांबतो, अंग तापतं, माणूस बरळतो. मी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले होते. मी उभी राहिले.

"काका," मी म्हटलं, "काकू घरात आहेत."

मागे कोणीतरी हसलं. काका माझ्याकडे, पोराने मधेच शंका विचारली की मास्तर बघतात तसे बघायला लागले. म्हणाले, "हो, तिला जरा बरं नव्हतं म्हणून ती..." आणि थांबले. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. जिन्याखालचा, खालच्या मजल्याचा तो खटका त्या हाताने ओढला होता, दाराबाहेर पडलं की ओढायचा म्हणून. घर रिकामं आहे की नाही हे हाताने विचारलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

काका गमछा न घेता बाहेर धावले. ह्यांनी त्यांना स्कूटरवर मागे घेतलं. मी ऑटो पकडला आणि वाटभर ड्रायव्हरला भैया जल्दी, भैया जल्दी करत राहिले.

मी पोचले तेव्हा दोघांनी काकूंना उचलून अंगणातल्या छपरीत खाटेवर आणलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, आईला हाका मारत होत्या. बंद खिडक्या, जाड पडदे, पंखा ठप्प, अशा खोलीत त्या किती वेळ पडून होत्या कोण जाणे. वरच्या टाकीचं पाणी चटका बसेल असं तापलेलं होतं, ते उपयोगाचं नव्हतं. काकांनी पिण्याच्या पाण्याचे सगळे माठ काकूंवर ओतले, मग हौदातून बादल्यांवर बादल्या उपसून आणायला लागले. परात कोणाला आठवली नाही. पाणी अंगणभर वाहत फाटकाबाहेर रस्त्यावर गेलं. मी वर जाऊन बर्फाचे ट्रे आणले आणि घाईत फ्रीजचं दार सताड उघडं टाकलं. ते संध्याकाळपर्यंत उघडंच होतं. काका काकूंच्या काखेत बर्फ धरून बसले होते, ओल्या चादरीवर पुठ्ठ्याने वारा घालत होते, सगळं अगदी भाषणात पुढे सांगणार होते तसं.

ह्यांनी ऑटो थांबवून ठेवला होता, त्यातून काकूंना जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी त्या शुद्धीवर आल्या. मी विचारलं, काकू, पंखा बंद झाल्यावर तुम्ही उठला का नाहीत, खिडकी का नाही उघडली? त्या सहज म्हणाल्या, "वाटलं, लाइट गेली. रोजच जाते. येईल म्हणून पडून राहिले." आणि खिडकी? "पडदे उघडायची वेळ नव्हती झाली ना." काका पलीकडे स्टुलावर बसले होते. त्यांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या. माताजींना पंधरा दिवस थंड खोलीत ठेवायचं, पुन्हा असं झालं तर झेपणार नाही, असं त्यांनी काकांना बजावलं आणि विचारलं, "घर में कूलर तो है ना?"

काकांनी घसा साफ केला. "डॉक्टर साब," ते म्हणाले, "कूलर का ऐसा है कि..."

"है," काकू म्हणाल्या. पडल्या पडल्या, छताकडे बघत. "है जी. आज ही लग रहा है."

काकांचं वाक्य पुन्हा एकदा अर्धं राहिलं. डॉक्टरीणबाई बरं म्हणून पुढच्या खाटेकडे गेल्या. काका स्टुलावरून उठले आणि दाराशी गेल्यावर वळून त्यांनी काकूंना विचारलं, किती मोठा आणू. काकू म्हणाल्या, मोठ्यातला मोठा. आणि ताट्या वाळ्याच्या, गवताच्या नकोत.

कूलर दुपारी उंटगाडीवरून आला. ते धूड खिडकीत बसवायला दोन माणसं लागली. ह्यांनी वायर जोडून दिली, काकांनी स्वतः पाणी भरलं, हौदातलं, काठोकाठ. बटण दाबल्यावर त्या पेटीने असा काही खडखडाट सुरू केला की भिंतीवरचं कॅलेंडर उडालं. मग पाणी वाळ्यावर उतरलं आणि सगळी खोली त्या वासाने भरून गेली. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. केस कपाळावर उडत होते. त्यांनी डोळे मिटले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी दारातच थांबले.

काका पलंगाशी जाऊन उभे राहिले. तेवढं झाल्यावर तरी माणूस गप्प बसेल असं मला वाटलं होतं. "हे बघ," त्यांनी सुरुवात केली, "खोली गार झाली की लगेच बंद करायचा. सांडलेलं पाणी खाली भांडं ठेवून धरायचं. आणि पेटीला ओला हात लावायचा नाही, आणि..."

काकूंनी एक डोळा उघडला. कानामागे हात धरला.

"काय म्हणता?" त्या म्हणाल्या. "काही ऐकू येऊन नाही राहिलं."

काकांनी आवाज चढवून पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. काकूंनी मान हलवली, बोटाने कूलर दाखवला आणि डोळे मिटून घेतले. काका तिसऱ्यांदा सांगायला लागले. मी दारात, काकूंपेक्षा कितीतरी लांब उभी होते, आणि मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.